स्टेपनी नसलेला भूतकाळ

गोल दिवा म्हणजे चांगली स्कूटर, हे मत ज्या कुणी प्रथम मांडलं असेल त्याला माझ्या काउंटरसमोर आणून उभा करा. मला त्याच्याशी दोन शब्द बोलायचे आहेत. लंच टाइम असला तरी चालेल.

रेट्रो स्कूटर म्हणजे काय, हे ज्यांना ठाऊक नसेल त्यांच्यासाठी सांगतो. नवी गाडी जुनी दिसावी म्हणून ज्यादा पैसे देणं, याला रेट्रो म्हणतात. आमच्या लहानपणी याच्या नेमकं उलट होतं. जुनी गाडी नवी दिसावी म्हणून लोक गणपतीच्या आधी रंग काढून घेत, आणि तो रंग गौरी जाईपर्यंत टिकला तर रंगाऱ्याला दुवा देत. आता गुळगुळीत गोल दिवा, पोट सुटलेलं मागचं अंग, चकचकीत क्रोमच्या पट्ट्या आणि मोरपंखी किंवा दुधाळ रंग, एवढं जमलं की गाडी 'क्लासिक' होते. माणसाचं पोट सुटलं तर त्याला कुणी क्लासिक म्हणत नाही, हा भाग वेगळा.

वाहनकर्जाचे अर्ज माझ्या टेबलावरून जातात. वाहन कशासाठी हवं, या प्रश्नाला सगळ्यांचं एकच उत्तर असतं: कामावर जाणं-येणं. 'चिवला बीचवर माडाला टेकवून फोटो काढणे' असं अजून एकानेही प्रामाणिकपणे सांगितलेलं नाही. माझं भांडण आहे ते या अप्रामाणिकपणाशी. सौंदर्याशी माझं भांडण नाही. मध्यमवर्गीयाने सुंदर वस्तू घेऊच नये, त्याने फक्त टिकाऊ वस्तू घ्यावी, असं मानणाऱ्यांपैकी मी नव्हे. टिकाऊ वस्तू घेता घेता आमच्या दोन पिढ्या खाकी रंगाच्या पिशव्या वापरून संपल्या. सुंदर गाडी जरूर घ्या. पण तिचं सौंदर्य कुठून आलं, हे विचारायला नको का?

मूळची स्कूटर सुंदर का होती, ते बघा. दुसरं महायुद्ध संपलं तेव्हा इटलीतल्या पियाज्जो कंपनीचा पोंतेदेराचा विमानांचा कारखाना बाँबहल्ल्यांनी उद्ध्वस्त झालेला होता. आता विमानं कोण घेणार? तेव्हा साध्या माणसाला परवडेल असं वाहन बनवायचं काम कोर्रादिनो दास्कानिओ या इंजिनिअरकडे आलं. हा गृहस्थ मुळात विमानं आणि हेलिकॉप्टर यांतला. मोटारसायकल त्याला मनापासून नावडे. ती कपडे मळवते, चेनचं वंगण उडवते आणि पंक्चर झाली की चाक काढताना जीव काढते, ही त्याची तक्रार. म्हणून त्याने चेनच काढून टाकली आणि इंजिन मागे झाकून ठेवलं. पुढे चिखल अडवणारा पत्रा लावला. स्कर्ट नेसलेल्या बाईलाही सहज बसता यावं म्हणून मधला भाग मोकळा सोडला. पुढचं चाक विमानाच्या चाकासारखं एकाच बाजूने धरलं, म्हणजे ते चटकन काढता येईल. १९४६ साली ही गाडी आली. तिचं बारीक कमरेचं रूप आणि गुणगुणणारा आवाज यावरून नाव पडलं व्हेस्पा, म्हणजे गांधीलमाशी.

सांगायचा मुद्दा हा की, त्या गाडीच्या एकेका वळणामागे एकेक कारण होतं. कुणाचे तरी कपडे, कुणाची तरी पंक्चर, कुणाची तरी गरिबी. कारणं नीट जुळली, म्हणून ती देखणी झाली. आजची रेट्रो गाडी त्यातली वळणं तेवढी उचलते आणि कारणं तिथेच ठेवते. आजोबांचा फेटा बांधला म्हणून कुणी आजोबा होत नाही.

आता तुम्ही म्हणाल, आपल्याकडचा तो जुना काळ काय सोन्याचा होता! त्याबद्दलही थोडं बोलू. १९६०च्या सुमारास बजाजने व्हेस्पा परवान्यावर बनवायला सुरुवात केली. १९७१ साली तो करार संपला आणि १९७२ साली महाराणा प्रतापांच्या घोड्याचं नाव घेऊन 'चेतक' आली. साताऱ्यात 'प्रिया' बनू लागली, लखनौला 'विजय' आणि कानपूरला एलएमएल. पण कारखान्याने वर्षाला किती गाड्या काढायच्या हे ठरवायचं दिल्लीने, आणि दिल्लीला कसलीच घाई नसे. त्यामुळे चेतकसाठी दहा-दहा वर्षांची प्रतीक्षायादी असे. नंबर लागलेला माणूस गाडी घेऊन कारखान्याच्या दारातच ज्यादा दराने विकू शकत असे. लग्नाच्या बैठकीत मुलीच्या बापाकडे स्कूटर मागितली जाई, आणि ती मागताना वरपक्ष 'आमचं काही मागणं नाही हो' असंच म्हणत असे.

त्या रांगेत माझे वडीलही होते. कुठल्या कंपनीच्या, ते विचारू नका. त्यांनी गाडी नोंदवली तेव्हा माझा जन्म व्हायचा होता. गाडी आली तेव्हा मी पुढे उभा राहून हँडल धरण्याइतका मोठा झालो होतो. पेट्रोलमध्ये ऑइल मोजून घालायचं. सकाळी गाडी एका बाजूला झोपवून पुन्हा उठवायची, मग दहा-बारा किका. कधी क्लचची केबल तुटायची, कधी गिअरची. इंजिन एका अंगाला असल्यामुळे नवशिक्याची गाडी तिकडेच कलायची. आणि तरी वडिलांना ती गाडी जिवापाड प्रिय होती, याचं कारण गोल दिवा नव्हे. आई, आम्ही दोघं भावंडं, कट्ट्याच्या बाजारातलं सामान आणि पायांमध्ये अर्धं पोतं तांदूळ एवढं सगळं तिच्यावर मावत असे (आजच्या कायद्याने हा सरळ गुन्हा आहे, आणि ते योग्यच आहे). मागे स्टेपनी असे. वाटेत चाक बसलं तर माणूस स्वतः उतरून दहा मिनिटांत बदलत असे. त्यासाठी कुणाला फोन करावा लागत नसे. फोन होताच कुठे म्हणा!

रेट्रोवाले नेमकी ही गोष्ट विसरतात. त्या गाडीचं मोठेपण तिच्या दिसण्यात नव्हतं, तिच्या मालकाच्या स्वावलंबनात होतं. ती बिघडायची पुष्कळ, पण ती दुरुस्त करणं मालकाच्या हातात होतं. आजची गाडी बिघडते क्वचितच, हे मी मान्य करतो. ट्यूबलेस टायरमधली हवा खिळा लागला तरी हळूहळू जाते. २०१९पासून नव्या गाड्यांना एकत्रित ब्रेक किंवा एबीएस सक्तीचं झालं, २०२०पासून धूरही कमी झाला. या सुधारणांना मी दोन्ही हातांनी नमस्कार करतो. पण या सुधारणा साध्या, चपट्या दिव्याच्या गाडीतही आहेत. गोल दिव्याचे पैसे वेगळे!

किती वेगळे, ते कॉमर्सच्या भाषेत सांगतो. समजा, तेवढ्याच ताकदीच्या साध्या स्कूटरपेक्षा रेट्रो गाडी तीस हजारांनी महाग आहे. हे तीस हजार दहा टक्क्यांनी तीन वर्षांसाठी घेतले, तर महिन्याला ९६८ रुपये हप्ता, म्हणजे शेवटपर्यंत ३४,८४८ रुपये. गाडीचे नव्हेत, फक्त रूपाचे. यावर घसारा धरा. मालवणात तो धरावाच लागत नाही, समुद्र स्वतः येऊन लावून जातो. इथे खाऱ्या वाऱ्यात खिडकीचे गज, कड्या, फ्रिजचं दार, काही सुटत नाही. वरून वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस. त्या क्रोमच्या पट्टीवर पहिल्या पावसाळ्यातच घामोळं उठतं. सिंधुदुर्ग किल्ल्याचं बांधकाम १६६४ साली सुरू झालं, तेव्हा पायाच्या दगडांत शिसं ओतलं होतं म्हणतात, क्रोम नव्हे. शिवाजी महाराजांना या किनाऱ्याचा स्वभाव ठाऊक होता.

भरडावर ज्यांच्याकडे मी हवा भरतो ते मेस्त्री फार कमी बोलतात. एका पर्यटकाची तसली देखणी गाडी उचकटून बसले असताना मी त्यांना मत विचारलं. पान बाजूला सारून ते म्हणाले, "साहेब, दिवो गोल आसा काय चवकोनी, ह्या खड्ड्याक कळणा नाय."

यापेक्षा चांगलं परीक्षण मी कुठल्याही मासिकात वाचलेलं नाही.

आता घरची बाजू. आमच्या कन्येला कुडाळला नोकरी लागली आणि पहिल्याच पगाराला तिने जाहीर केलं की ती फिकट हिरवी रेट्रो स्कूटर घेणार. मी वर लिहिलेलं सगळं तिला ऐकवलं, शिवाय घसारा दोन पद्धतींनी काढून दाखवला. तिने शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाली, "बाबा, आजोबांनी स्कूटर काय फक्त तांदूळ आणायला घेतली होती? गाडी आली त्या दिवशी त्यांनी बाजारपेठेतून तीन फेऱ्या मारल्या होत्या. आजीनेच सांगितलंय." आमची ही स्वयंपाकघरातून म्हणाली, "तीन नाही, चार."

मुद्दा बिनतोड होता. मिरवणं ही माणसाची गरज आहे, हे मला मान्यच आहे. पण आजोबा मिरवले ते आठ वर्षं थांबून मिळवलेली वस्तू. इथे शोरूमवाला मिरवण्याचा भाग वेगळा मोजून, त्यावर व्याज लावून विकतो, आणि वर 'तुमच्या वडिलांची आठवण' असं सांगतो. माझ्या वडिलांची आठवण मला फुकट आहे. ती मी ९६८ रुपयांनी का सोडवून घेऊ?

शेवटी गाडी तिच्या पगारातून येणार, म्हणजे मत माझं आणि हप्ता तिचा. तेव्हा मी विरोध मागे घेतला नाही, पण त्याचं रूपांतर प्रश्नांत केलं. हेच प्रश्न वाचकांनीही खिशात ठेवावेत.

पहिला: टायरची बगल जांभ्याच्या धारदार कडेने फाटली, तर तो टायर संध्याकाळपर्यंत मालवणात मिळेल का, की कोल्हापूरहून पार्सल येईपर्यंत एसटीने जायचं? दुसरा: गाडी उभी असताना दोन्ही पाय पुरते टेकतात का? हे शोरूमच्या गुळगुळीत फरशीवर नव्हे, चढावर उभं राहून बघायचं. तिसरा: जुलै महिन्यात चौके-धामापूरच्या वळणावर ओल्या पानांवरून जाताना चाकं किती इंची आहेत याचा विचार केला आहे का? जुन्या गाड्यांची आठ-दहा इंची चाकं दिसायला गोंडस असत. खड्ड्यात ती अख्खी उतरत. चौथा: पायांमध्ये मासळीची पिशवी ठेवायला सपाट जागा आणि अडकवायला हूक आहे का? बांगड्याचं पाणी फोनच्या चार्जरवर गेलं तर काय होतं? आणि पाचवा: सर्व्हिसिंगसाठी रजा टाकावी लागेल का?

कन्या हे प्रश्न कागदावर लिहून घेऊन गेली. शोरूममधल्या मुलाने पहिल्या प्रश्नाला 'गाडीला ब्लूटूथ आहे' असं उत्तर दिलं. दुसऱ्या प्रश्नालाही तेच. तिने तिथून निघून दुसरं दुकान गाठलं आणि ज्या गाडीने पाचांपैकी चार उत्तरं दिली ती घेतली. तिचा दिवा थोडासा गोल आहे. मी त्याकडे काणाडोळा करतो. जन्मात कपाट न पुसलेली ही मुलगी आता रोज संध्याकाळी कुडाळहून आली की साध्या पाण्याच्या फडक्याने गाडीवरचं मीठ पुसते. आमची ही म्हणते, एवढ्यासाठी तरी हप्ता वसूल.

मधल्या काळात खुद्द चेतकही परत आली. या शतकाच्या पहिल्या दशकात जुनी चेतक बंद पडली होती. २०१९ साली बजाजने तेच नाव विजेवर चालणाऱ्या स्कूटरला दिलं आणि २०२०पासून ती विकायला सुरुवात केली. रूप गोलसर, आवाज जवळजवळ नाहीच. त्याआधी २०१२पासून पियाज्जोने बारामतीत व्हेस्पा बनवायला घेतली होती. म्हणजे पोंतेदेराची गांधीलमाशी शेवटी उसाच्या रानात येऊन बसली. याचा मला आनंदच आहे. कारखाने चालावेत, गाड्या खपाव्यात. माझा आक्षेप एवढाच, की जुन्याचं कौतुक करणाऱ्याने ते पुरतं करावं. रांगेसकट, किकांसकट, तेलाने काळ्या झालेल्या हातांसकट. निम्मा भूतकाळ घ्यायचा आणि पुऱ्याचे पैसे द्यायचे, हा व्यवहार कुठल्याच ताळेबंदात जुळत नाही.

आणि तुम्हाला पुराच भूतकाळ हवा असेल, तर त्याचीही सोय आहे. आज पैसे भरा, गाडी दहा वर्षांनी न्या. त्या कर्जाचा अर्ज मी स्वतः भरून देईन.