काटकसर करू, पण ताट आणि पाटी कापून नव्हे!

मे महिना संपत आला की कुडाळच्या बाजारात आगोटीची गर्दी सुरू होते. सुके बांगडे, सुकट, कुळीथ, कांदे, मिरची, मीठ, ताडपत्री. पावसाळ्यात मजुरीचा भरवसा नसतो, म्हणून हातात पैसा असेल तेवढी बेगमी आधीच करून ठेवायची, ही कोकणातली जुनी रीत. अशाच दिवसांत आमच्याकडच्या एका बौद्धवाडीत बचत गटाच्या बायांसमोर ‘घरखर्चात बचत’ या विषयावर व्याख्यान झाले. पाहुणे कळकळीने बोलले. चहात साखर कमी घाला, मासळी आठवड्यातून एकदाच आणा, पोरांना पाच रुपयांचा पुडा देऊ नका, अंथरूण पाहून पाय पसरा. टाळ्याही पडल्या. शेवटी मागे बसलेली एक आजी उठली आणि म्हणाली, “साहेबानू, चायत साखर किती घालूची ता आमका सांगतास. पण हप्तो कितको भरतव, ता कोण इचारीत नाय!”

पाहुणे हसले आणि सभा संपली. आजीचा प्रश्न मात्र आम्ही सोबत घेऊन आलो. हा लेख त्या प्रश्नावरच आहे.

अंथरूण पाहून पाय पसरावेत हे आम्हालाही मान्य आहे. पण आमचे अंथरूण एवढे तोकडे का, ते कुणी कापले, हे विचारायचे की नाही? मनुस्मृतीच्या दहाव्या अध्यायातला १२९ वा श्लोक सांगतो की शूद्राने समर्थ असला तरी धनसंचय करू नये. त्याच अध्यायात चांडाळांनी मेलेल्याची वस्त्रे नेसावीत, फुटक्या भांड्यात जेवावे, लोखंडाचे दागिने घालावेत असे लिहिले आहे. म्हणजे ज्यांना धन साठवायला धर्मानेच बंदी केली, त्यांच्याच नातवंडांना आज सांगितले जाते की तुम्हाला साठवता येत नाही, तुम्ही उधळे आहात! याला काय म्हणायचे?

हे प्रवचन नवे नाही. शेतकरी लग्नकार्यात पैसा उधळतो म्हणून कर्जबाजारी होतो, असे एकोणिसाव्या शतकातले शिकलेले लोक सर्रास म्हणत. १८७५ साली पुणे आणि अहमदनगर जिल्ह्यांत शेतकऱ्यांनी सावकारांविरुद्ध उठाव केला, त्यांच्या वह्या नि रोखे जाळले. त्याच्या चौकशीसाठी नेमलेल्या सरकारी आयोगालाही सांगावे लागले की कर्जाचे कारण म्हणून लग्नखर्चाला अवास्तव महत्त्व दिले गेले आहे. तात्यासाहेब जोतीराव फुल्यांनी १८८३ साली ‘शेतकऱ्याचा असूड’ लिहून पूर्ण केला. जन्मापासून मरणापर्यंत धर्माच्या नावाखाली शेतकऱ्याच्या घरातून पैसा कसा काढला जातो आणि उरलेला सरकारी सारा नि सावकार कसा नेतो, याचा हिशेब त्यांनी त्यात मांडला. आज सावकाराच्या जागी हप्तेवाला आला आहे. प्रवचन मात्र तेच राहिले.

यावर काही मित्र म्हणतील, बाबासाहेब स्वतः किती काटकसरीने राहिले! खरे आहे. पण ती काटकसर कशासाठी होती, ते नीट पाहू या. १९१३ साली बडोद्याच्या सयाजीराव महाराजांच्या दरमहा साडेअकरा पौंडांच्या शिष्यवृत्तीवर ते कोलंबिया विद्यापीठात गेले. पोटाला चिमटा घेतला, पण न्यूयॉर्कच्या जुन्या बाजारातून पुस्तके घेताना हात आखडला नाही. १९१८ साली मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापकी मिळाली. साहेबी थाटात राहता आले असते. ते परळच्या चाळीत दोन खोल्यांत राहिले आणि पगारातून पैसे बाजूला टाकले, कारण लंडनचे अर्धवट राहिलेले शिक्षण पुरे करायचे होते. साठवलेले पुरेना तेव्हा शाहू महाराजांनी मदत केली, नवल भथेना या पारशी मित्राकडून पाच हजार रुपये उसने घेतले आणि १९२० साली ते पुन्हा लंडनला गेले. म्हणजे बाबासाहेबांनी काटकसर केली ती शिक्षणासाठी, आणि कर्ज काढले तेही शिक्षणासाठीच.

गरिबीचे प्रदर्शन मात्र त्यांनी कधी मांडले नाही. ते सूट-बूट घालून वावरले. डिसेंबर १९२७ मध्ये महाडला जमलेल्या आपल्या आयाबहिणींना त्यांनी फाटके नेसा, साधे राहा असे सांगितले नाही. स्वच्छ आणि नीटनेटके लुगडे नेसा, अस्पृश्यतेची खूण झालेले ते जडशीळ दागिने टाका, मुलींना शाळेत घाला, असे सांगितले. १९५० साली ‘महाबोधी’ मासिकात बुद्धाच्या धम्माच्या भवितव्यावर लिहिताना त्यांनी धर्माला ज्या कसोट्या लावल्या, त्यांतली एक अशी की धर्माने गरिबीला पवित्र ठरवू नये. ज्याच्याकडे आहे त्याने सोडले तर तो त्याग होईल. ज्याच्याकडे नाहीच, त्याला गरिबीचे गुणगान ऐकवणे ही फसवणूक आहे.

आणि रमाई? बाबासाहेब परदेशात असताना त्यांनी शेण्या थापून संसार ओढला, उपास काढले, लेकरे गमावली. २७ मे १९३५ रोजी त्या गेल्या. १९४० च्या ‘थॉट्स ऑन पाकिस्तान’ची अर्पणपत्रिका बाबासाहेबांनी त्यांच्या स्मृतीला वाहिली. पण आज आमच्यातले काही वक्ते रमाईचे नाव घेऊन घरच्या बाईला सांगतात, बघ, ती कशी अर्ध्या भाकरीवर राहिली! आमचा याला सक्त विरोध आहे. रमाईने उपास सोसले ते आपल्या सुनांना नि लेकींना सोसावे लागू नयेत म्हणून. त्यांच्या भुकेचा आदर्श करून सुनेच्या ताटातला बांगडा काढून घ्यायचा, हे रमाईला अभिवादन नव्हे.

कारण कोणत्याही घरात काटकसर सुरू झाली की पहिली कात्री कुठे लागते? आधी बाईच्या ताटाला. ती पेज पिऊन उठते, मासळीचा तुकडा नवऱ्याच्या आणि मुलग्याच्या पानात जातो. दुसरी कात्री मुलीच्या शिक्षणाला. बारावीपर्यंत झाले ना, आता पुरे, एसटीचा पास नि परीक्षा फी परवडत नाही. तिसरी औषधाला. गुडघे दुखतात, बघू पुढच्या महिन्यात. नवऱ्याची बाटली, तंबाखू, मोबाईलचा हप्ता आणि हळदीचा डीजे मात्र या यादीत येतच नाहीत.

आता इथे आम्हाला आपल्याच माणसांशी भांडायचे आहे. दुसऱ्याने आम्हाला उधळे म्हटले तर आम्ही त्याला फुल्यांचा असूड दाखवू. पण आपण आपल्या वहीसमोर बसलो की खरे बोलले पाहिजे. तर वही उघडू या. समजा, लग्नासाठी पन्नास हजार रुपये काढले, महिना शेकडा तीन रुपयांनी. तीन रुपये ऐकायला किरकोळ वाटतात. पण व्याजच महिन्याला दीड हजार, वर्षाला अठरा हजार! मुद्दल जागच्या जागी. दुसरीकडे पोराचा रोजचा पाच रुपयांचा पुडा वर्षभर बंद केला तर वाचतात १,८२५ रुपये. म्हणजे लेकराने वर्षभर जीभ मारली आणि एका महिन्याच्या व्याजाहून थोडे जास्त हाती आले. आजीच्या प्रश्नाचे उत्तर हे आहे.

हप्त्यावरच्या वस्तूंचेही तसेच. दुकानदार सांगतो, दहा हजारांवर फक्त बारा टक्के, वर्षात फेडा. व्याज १,२०० आणि बारा हप्ते. पण पहिल्याच महिन्यापासून तुम्ही मुद्दल परत करत आलात, तरी व्याज मात्र पूर्ण दहा हजारांवर लागले. त्यामुळे खरा दर एकवीस टक्क्यांच्या पुढे जातो. हे गणित सातवी-आठवीतल्या मुलाला शिकवता येते. आपल्या विहारात ते किती वेळा शिकवले गेले?

आणि हे कर्ज कशासाठी? मुंबईहून चाकरमानी मे महिन्यात येतात, मंडप पडतो, हळदीला डीजे लागतो. गेल्या वर्षी शेजारच्या वाडीत दोन स्पीकर होते, म्हणून आपल्याकडे चार. बौद्ध विवाहविधीला लागते काय? त्रिशरण, पंचशील, पुष्पहार आणि साक्षीला माणसे. भट नको, मुहूर्त नको, हुंडा नको. सत्यशोधकांनी १८७३ सालीच भटाशिवाय, थोडक्या खर्चात लग्न लावून दाखवले होते. आपण भटाला दाराबाहेर काढले आणि त्याची दक्षिणा डीजेवाल्याला देऊ लागलो. १४ एप्रिलचेही तेच. ज्या महामानवाने पुस्तकांसाठी घर बांधले, त्याच्या जयंतीची वर्गणी एका रात्रीच्या आवाजात उडवायची?

तथागतांनी सिगाल नावाच्या तरुण गृहस्थाला जो उपदेश केला, तो प्रत्येक घरात वाचला जावा. संपत्ती नासण्याच्या सहा वाटा त्यात सांगितल्या आहेत: मद्य, अवेळी भटकणे, खेळतमाशांचा नाद, जुगार, वाईट संगत आणि आळस. कमाईचे चार भाग करा, एक उपभोगाला, दोन कामधंद्यात, एक अडीअडचणीला, असेही सांगितले आहे. उपभोगाचा भाग तथागतांनी नाकारला नाही, हे ध्यानात घ्या. गृहस्थाच्या चार सुखांत त्यांनी ऋणमुक्तीचे सुखही धरले आहे. गोडाधोडाचा घास हा गुन्हा नाही. ज्या कर्जातून काहीच उभे राहत नाही, ते कर्ज ही खरी बेडी आहे.

म्हणून आमचे म्हणणे सरळ आहे. कात्री लावायची तर वरून लावा. आधी व्याज, मग व्यसन, मग प्रतिष्ठा. ताट, पाटी आणि औषध यांना हात लावायचा नाही.

वाडीवाडीत हे करता येईल. घरखर्चाची वही नवरा-बायकोने मिळून लिहावी आणि नवऱ्याचा खर्चही तिच्यात यावा. आगोटीचे धान्य, तेल, कांदे दहा-वीस घरांनी मिळून घाऊक घ्यावेत. लग्नाची भांडी नि सतरंज्या समाजाच्या असाव्यात. जयंतीच्या वर्गणीचा अर्धा भाग मुलांच्या पुस्तकांना आणि परीक्षा फीला जावा. सावकार परवान्याशिवाय व्याजाचा धंदा करत असेल तर २०१४ च्या महाराष्ट्र सावकारी कायद्याने तो गुन्हा आहे, सहकारी संस्थांच्या निबंधक कार्यालयात तक्रार करता येते. मायक्रोफायनान्सचे कर्ज मुदतीआधी फेडले तर दंड लावता येत नाही, हा रिझर्व्ह बँकेचा २०२२ चा नियम आहे. आणि जे हक्काचे आहे ते सोडायचे नाही: रेशनचे धान्य, मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती, वसतिगृह न मिळाल्यास स्वाधार योजना, बांधकाम मजुरांची कल्याणकारी मंडळातली नोंदणी. शिष्यवृत्तीचा अर्ज भरायचा राहून गेला, तर त्या एका चुकीची भरपाई वर्षभराच्या साखरेतून होत नाही.

शेवटचे सांगतो. कितीही काटकसर केली तरी मजुरी वाढल्याशिवाय भागणार नाही. १९२३ च्या ‘रुपयाचा प्रश्न’ या ग्रंथाचे लेखक बाबासाहेब चलनाच्या वादात एक गोष्ट हिरिरीने मांडत राहिले: रुपयाची किंमत घसरते, भाव चढतात आणि मजुरी मागे राहते, तेव्हा धंदेवाल्याचा नफा मजुराच्या खिशातून येतो. केवळ बचतीने हे सुटत नाही हे जाणूनच १९४६ साली मजूर खात्याचे काम पाहताना त्यांनी किमान वेतनाचे विधेयक मांडले, त्याचा १९४८ साली कायदा झाला. आपली बचतही त्याच लढ्याची शिदोरी आहे. ज्याच्या घरी चार महिन्यांचे धान्य आहे आणि डोक्यावर हप्ता नाही, तोच मजूर मालकासमोर उभा राहून म्हणू शकतो, एवढ्या पैशात काम करणार नाही. कर्जात बुडालेला माणूस मोर्चाला येत नाही, कारण त्याला दुसऱ्या दिवशी हप्ता भरायचा असतो.

यंदा आगोट भरताना आजीचा प्रश्न आपापल्या घरात विचारा. हप्ता किती जातो? कुणासाठी जातो? आणि पोरीची पाटी त्यात गहाण पडली आहे का?

जयभीम!