उड्डाणाची हौस आणि खिसा

विमान चालविणे हा केवळ धनिकांचा छंद, असा समज आपल्या समाजात रूढ आहे. १९२९ मध्ये जे. आर. डी. टाटांनी भारतातील पहिला वैमानिक परवाना मिळविला, तेव्हा तो खराही होता. आज एन.सी.सी.च्या हवाई शाखेतील छात्रांना फारसा खर्च न करता मायक्रोलाइट विमानातून उड्डाणाचा अनुभव मिळू शकतो. पर्वत पाटियातील किती पालकांना हे ठाऊक आहे? खासगी परवान्यास वयाची १७ वर्षे व किमान ४० तासांचे उड्डाण लागते, व्यावसायिक परवान्यास २०० तास. खर्च तासागणिक वाढतो. हौसेसाठी घर गहाण टाकण्यापूर्वी हा फरक जाणावा. पैसे साठवून मगच सलग शिकावे. महिनोन्महिने खंड पडला, की जुनेच धडे पुन्हा पैसे मोजून गिरवावे लागतात.

बालरोगतज्ज्ञ म्हणून माझा आग्रह मात्र निराळाच आहे. शुल्क भरण्याआधी वैद्यकीय तपासणी उरकावी. रंगांधत्व बहुधा जन्मजात असते, मुलग्यांत अधिक आढळते आणि घरात कोणाच्या ध्यानीही येत नाही. इशिहाराच्या ठिपक्यांच्या तक्त्यांनी ते काही मिनिटांत कळते. दहावीच्या मुलांसाठी आपल्या मंडळाने ही चाचणी का योजू नये?