सीमा उघडा, पण स्मृतीचा टोल मागू नका

२०२५ च्या मे महिन्यात पुण्यातल्या फळव्यापाऱ्यांनी तुर्कस्तानच्या सफरचंदांवर बहिष्कार टाकला. भारत-पाकिस्तान संघर्षात तुर्कस्तानने पाकिस्तानची बाजू घेतली, हे त्याचं कारण. त्याच दिवसांत माझ्या व्हॉट्सॲपवर आर्मेनियन वंशसंहाराचे जुने फोटो येऊ लागले. हाडांचे ढीग, भुकेने वाळलेली पोरं, आणि खाली मजकूर : 'बघा, हे लोक असेच असतात.'

हे फोटो पुढे ढकलणाऱ्यांना मला एकच प्रश्न विचारायचा आहे. आर्मेनियन माणूस तुम्हाला नेमका आत्ताच कसा आठवला? सफरचंदाच्या पेटीबरोबर जागी झालेली करुणा पेटी संपली की झोपणारच.

आणि सरकारी पातळीवर तरी वेगळं काय आहे? २०२२ पासून भारत आर्मेनियाला शस्त्रं विकतो, पण १९१५ ला जे घडलं त्याला वंशसंहार म्हणायला भारत सरकार आजही तयार नाही. शंभर वर्षांपूर्वीही चित्र फार वेगळं नव्हतं. खिलाफत चळवळीचं मुंबई हे मोठं केंद्र होतं. सुलतानाचं राज्य तुटू नये म्हणून मोठमोठ्या सभा झाल्या. त्याच राज्यात लाखो आर्मेनियन मेले होते, त्यांच्यासाठी त्या सभांमध्ये कितीशी जागा होती? बाबासाहेबांनी पाकिस्तानवरच्या ग्रंथात खिलाफतीची कठोर चिकित्सा केली आहे, ती मुळातून वाचावी. तेव्हा तुर्कस्तान आपल्याला खलिफा म्हणून हवा होता, आता शत्रू म्हणून हवा आहे. आर्मेनियन माणूस दोन्ही वेळा वगळलेलाच. म्हणून मित्रांनो, हा प्रश्न त्यांच्याच जमिनीवर उभं राहून समजून घेऊ.

काय घडलं?

२४ एप्रिल १९१५ च्या रात्री इस्तंबूलमध्ये आर्मेनियन लेखक, संपादक, वकील, पुढारी यांची धरपकड सुरू झाली. दोनशेहून अधिक लोक उचलले गेले. त्यातले बरेच परत आले नाहीत. आधी समाजाची बोलणारी जीभ कापली. मे अखेरीस हद्दपारीचा कायदा आला. अनातोलियातल्या गावागावांतून आर्मेनियन कुटुंबांना सीरियाच्या वाळवंटाकडे हाकललं गेलं. पुरुषांना ठिकठिकाणी वेगळं काढून मारलं. बायका, मुलं, म्हातारे चालत राहिले आणि भूक, रोग, लूट, कत्तल यांत संपत गेले. मृतांचा आकडा आर्मेनियन बाजू १५ लाख सांगते. इतिहासकारांचे अंदाज साधारण ६ लाखांपासून १५ लाखांपर्यंत जातात. राफेल लेमकिन यांनी १९४४ मध्ये 'जेनोसाइड' हा शब्द घडवला, तेव्हा त्यांच्या डोळ्यांपुढच्या उदाहरणांत हे एक होतं.

त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये आणखी एक कायदा झाला, 'सोडून दिलेल्या मालमत्ते'चा. संगिनीच्या धाकाने ज्यांना घराबाहेर काढलं, त्यांची घरं 'सोडून दिलेली' ठरली! घर, शेत, दुकान, शाळा, चर्च सगळ्याला नवे मालक मिळाले. अंकारातल्या ज्या चांकाया वास्तूत पुढे प्रजासत्ताकाचे राष्ट्राध्यक्ष राहिले, ती मूळ एका आर्मेनियन कुटुंबाची. नकार हा फक्त राष्ट्राभिमानाचा मामला नसतो. त्याच्याखाली सातबारा असतो. 'काही घडलंच नाही' असं म्हणणाऱ्याला बऱ्याचदा 'हे घर माझंच आहे' असं म्हणायचं असतं.

कबुली झाली होती, ती पुसली गेली

तुर्कस्तानने कधी काही मान्यच केलं नाही, असं आपण समजतो. ते खरं नाही. युद्ध हरल्यावर १९१९ मध्ये खुद्द ऑटोमन सरकारच्या लष्करी न्यायालयांनी खटले चालवले. तलत, एन्वर आणि जमाल या सत्ताधाऱ्यांना त्यांच्या गैरहजेरीत फाशीची शिक्षा सुनावली. बोआझलियानचा अधिकारी कमाल याला एप्रिल १९१९ मध्ये इस्तंबूलमध्ये प्रत्यक्ष फाशी दिलं. म्हणजे गुन्हा घडला, हे तुर्की न्यायालयानेच नोंदवून ठेवलं होतं.

मग काय झालं? १९२२ मध्ये अंकाराच्या राष्ट्रीय सभेने त्याच कमालला राष्ट्रीय हुतात्मा घोषित केलं. तलत पाशाला १९२१ मध्ये बर्लिनमध्ये सोगोमोन तेहलिरियान या आर्मेनियन तरुणाने मारलं होतं. १९४३ मध्ये त्याचे अवशेष हिटलरच्या जर्मनीतून इस्तंबूलला आणून सन्मानाने पुरले. न्यायालयाने ज्यांना गुन्हेगार ठरवलं, त्यांची स्मारकं झाली. विस्मरण आपोआप येत नाही, ते राज्यसंस्थेच्या कारखान्यात तयार होतं. शाळेचं पुस्तक, रस्त्याचं नाव आणि पुतळा ही त्या कारखान्याची यंत्रं.

तलतची कबर इस्तंबूलच्या ज्या शिश्ली भागात आहे, त्याच शिश्लीत १९ जानेवारी २००७ ला 'आगोस' साप्ताहिकाच्या दारात ह्रांत दिंक यांना गोळ्या घातल्या गेल्या.

संवादाची किंमत कोणी मोजली?

दिंक हे आर्मेनियन आणि तुर्कस्तानचे नागरिक. अनाथाश्रमात वाढले. १९९६ मध्ये त्यांनी तुर्की आणि आर्मेनियन अशा दोन भाषांत 'आगोस' सुरू केलं, कारण त्यांना तुर्कांशी बोलायचं होतं. परदेशातल्या आर्मेनियनांनाही ते सुनवायचे : तुर्कद्वेषावर तुमची ओळख उभी करू नका. फ्रान्समध्ये वंशसंहार नाकारणं हा गुन्हा ठरवण्याचा प्रस्ताव आला, तेव्हा त्यांनी त्याला विरोध केला. सत्य पोलिसांच्या काठीने शिकवता येत नाही, ही त्यांची भूमिका.

एवढा संवादवादी माणूस! त्याला काय मिळालं? 'तुर्कपणाचा अपमान' केला म्हणून कलम ३०१ खाली शिक्षा, देशद्रोही हा शिक्का, आणि शेवटी सतरा वर्षांच्या पोराच्या हातून गोळी. त्यांच्या जिवाला धोका असल्याची माहिती असूनही यंत्रणांनी त्यांचं रक्षण केलं नाही, असं २०१० मध्ये युरोपीय मानवाधिकार न्यायालयाने ठरवलं. मारेकरी नोव्हेंबर २०२३ मध्ये तुरुंगातून बाहेरही आला.

पण चित्राची दुसरी बाजूही बघा. दिंक यांच्या अंत्ययात्रेत साधारण एक लाख माणसं चालली. त्यात बहुसंख्य तुर्क. हातात फलक : 'आम्ही सगळे ह्रांत दिंक, आम्ही सगळे आर्मेनियन.' डिसेंबर २००८ मध्ये तुर्की विचारवंतांनी आर्मेनियन बांधवांची माफी मागणारं निवेदन काढलं, त्यावर तीस हजारांहून अधिक सह्या झाल्या. दिंक यांच्या वकील फेतिये चेतिन यांनी २००४ मध्ये आपल्या आजीवर पुस्तक लिहिलं. जन्मभर मुसलमान 'सेहेर' म्हणून जगलेली ती आजी मूळची आर्मेनियन 'हेरानुश' होती. हद्दपारीच्या वाटेवर आईपासून हिसकावून घेतलेली. ते पुस्तक आल्यावर कित्येक तुर्की घरांत आजी-पणजीबद्दल दबलेल्या आवाजात बोलणं सुरू झालं.

खरा संवाद इथे झाला. ज्याने जोखीम घेतली, त्यानेच तो केला.

'दोन्ही बाजूंनी चुका झाल्या'

नकाराचा सर्वात सभ्य अवतार हा. युद्ध होतं, मुसलमानही मेले, आर्मेनियन बंडखोर रशियाला मिळाले होते, वगैरे. मुसलमान मेले, हे खरं आहे. १९७० आणि ८० च्या दशकांत आर्मेनियन अतिरेक्यांनी तुर्की राजदूत आणि अधिकाऱ्यांचे खून केले, हेही खरं. १९९२ मध्ये काराबाखच्या युद्धात खोजाली इथे आर्मेनियन फौजांनी शेकडो अझरबैजानी नागरिक मारले, त्या युद्धात लाखो अझरबैजानी बेघर झाले. याची कबुली आर्मेनियन समाजानेही दिली पाहिजे. पीडित असणं हा कायमचा दाखला नसतो.

पण १९९२ चा गुन्हा १९१५ ची वजाबाकी करत नाही. काही बंडखोर होते म्हणून एका अख्ख्या समाजाला, त्याच्या तान्ह्या पोरांसकट, वाळवंटात ढकलण्याला 'युद्धातली चूक' म्हणत नाहीत.

आता त्या व्हॉट्सॲपवाल्यांना उत्तर. 'हे लोक असेच असतात' म्हणताना कोण लोक? हद्दपारीचा आदेश अडवणारा अलेप्पोचा आणि नंतर कोन्याचा गव्हर्नर जलाल बे मुसलमानच होता. आदेश मानायला नकार दिला म्हणून जीव गमावलेला लिजेचा अधिकारी हुसेन नेसिमी मुसलमानच होता. वाळवंटात पोचलेल्या निर्वासितांना आसरा देणारी कित्येक अरब कुटुंबंही मुसलमानच. कत्तलीचा आराखडा आखला तो 'एक राष्ट्र, एक रक्त' या वेडाने झपाटलेल्या पक्षाने. धर्माचा त्याने हत्यारासारखा वापर केला, आणि गरीब कुर्द टोळ्यांचाही. पुढे तेच राष्ट्र कुर्दांवर उलटलं. म्हणूनच कुर्द नेत्यांनी आपल्या पूर्वजांच्या सहभागाबद्दल जाहीर माफी मागितली आणि दियारबाकिरचं सुर्प गिरागोस चर्च २०११ मध्ये पुन्हा उभं राहिलं. दुसऱ्याच्या कत्तलीत पायदळ म्हणून वापरल्या गेलेल्यांनी हा धडा नीट वाचावा.

आजचा सौदा

तुर्कस्तान-आर्मेनिया सीमा १९९३ पासून बंद आहे. २००८ मध्ये तुर्की राष्ट्राध्यक्ष गुल फुटबॉलचा सामना बघायला येरेवानला गेले. ऑक्टोबर २००९ मध्ये झुरिचला दोन करार झाले. इतिहास तपासायला संयुक्त उपसमिती, ही त्यातली एक कल्पना. करार मंजूर झाले नाहीत. २०१८ मध्ये आर्मेनियाने ते रद्द जाहीर केले. कार्समध्ये एकमेकांसमोर उभ्या दोन मानवाकृतींचं प्रचंड शिल्प मैत्रीचं प्रतीक म्हणून उभं राहत होतं. एर्दोआन यांनी ते विद्रूप ठरवलं आणि एप्रिल २०११ पासून ते तोडलं गेलं. २०१४ मध्ये याच एर्दोआन यांनी मृतांच्या नातवंडांकडे शोक व्यक्त केला आणि २०१५ मध्ये, शताब्दीच्या नेमक्या २४ एप्रिललाच, गॅलिपोलीच्या लढाईचा मोठा सोहळा ठेवला. एका हाताने डोळे पुसायचे आणि दुसऱ्या हाताने कॅलेंडर झाकायचं!

२०२० च्या युद्धात तुर्कस्तान अझरबैजानच्या पाठीशी उभा होता. सप्टेंबर २०२३ मध्ये काराबाखमधून एक लाखाहून अधिक आर्मेनियन काही दिवसांत घरदार सोडून निघाले. आज आर्मेनिया हरलेला, घेरलेला, चार वाटा शोधणारा देश आहे. आणि नेमक्या याच वेळी त्याला सल्ला मिळतो : भूतकाळ सोडा, व्यवहार बघा.

'झालं गेलं विसरा' हे वाक्य या ब्लॉगच्या वाचकांनी कुठे कुठे ऐकलंय, ते मी सांगायला नको. ते नेहमी वरून खाली येतं. ज्याचं काही गेलेलं नसतं, त्यालाच विसरण्याची घाई असते.

मी सीमा उघडण्याच्या विरोधात नाही. ती उद्या नाही, आज उघडावी. ग्युमरी आणि कार्स ही शेजारची शहरं. तिथल्या छोट्या दुकानदाराला, मजुराला बंद रस्त्याचा काय उपयोग? फेब्रुवारी २०२३ च्या भूकंपात आर्मेनियाचे मदतीचे ट्रक मार्गाराच्या पुलावरून तुर्कस्तानात गेले. तीस वर्षांत पहिल्यांदाच. ढिगाऱ्याखालचा माणूस काढायला कोणत्याही संयुक्त समितीची गरज पडली नाही. पण २०२२ च्या जुलैमध्ये निदान तिसऱ्या देशांच्या नागरिकांसाठी सीमा खुली करायचं ठरलं होतं, त्यावर तीन वर्षं उलटली तरी ती बंदच राहिली.

रस्ता हा हक्क आहे, बक्षीस नाही. त्यावर स्मृतीचा टोल घेता येणार नाही. आणि कबुली दिली तर जमीन मागतील, ही भीतीही फोल आहे. दोन्ही देशांतल्या लोकांनी २००१ मध्ये बनवलेल्या समेट आयोगाने कायदेशीर मत मागवलं, तेव्हा उत्तर आलं : हा शब्द या घटनांना लागू होतो, पण १९४८ च्या कराराच्या आधारे मागच्या तारखेचे दावे करता येत नाहीत. म्हणजे मान्य करण्याने तुर्कस्तानचं काही बुडत नाही. बुडतो तो फक्त तलत पाशाचा पुतळा.

म्हणून क्रम लक्षात ठेवा. आधी कबुली, मग माफी, मग समेट. हा क्रम उलटवून जो संवाद मागतो, त्याला गप्प बसलेला माणूस हवा असतो. आणि पुढच्या वेळी ते फोटो व्हॉट्सॲपवर आले, तर पाठवणाऱ्याला ह्रांत दिंक यांच्या अंत्ययात्रेतल्या त्या लाखभर माणसांबद्दल सांगा. त्यातल्या बहुतेकांचं स्वतःचं काही गेलेलं नव्हतं. तरी ती चालली.