गळ्यातला पट्टा

माझा धाकटा मेहुणा इनामगावात ऊस करतो. परवा त्याच्याकडे गेलो, तर स्वारी गळ्यात खिळ्यांचा पट्टा घालून दारात उभी! मला हसू आवरेना.

"दाजी, हसू नका," तो म्हणाला. "बिबट्या मागनं येतो आन् नरडं धरतो. कुत्र्याला पट्टा घालतो तो काय शोभेला?"

हसू गिळले. २०२५ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात याच शिरूर तालुक्यातल्या पिंपरखेड परिसरात बिबट्याने तीन बळी घेतले. त्यांत दोन लेकरे होती. मग तिथले बाप्ये आणि बाया असे अणकुचीदार पट्टे घालून शेतावर जाऊ लागले.

आमच्या पुण्यातल्या कट्ट्यावर वर्तमानपत्रातला तो फोटो हातोहात फिरला. "नवी फॅशन दिसते!" एक गृहस्थ म्हणाले. फॅशनच म्हणायची, तर ती जुनी. लंडनच्या पंक पोरांनी १९७० च्या दशकातच असले खिळे गळ्यात बांधले होते. फरक इतकाच, की त्यांना कुणी खाणार नव्हते. दुसरे गृहस्थ मिशीवाले. ते म्हणाले, "मर्दाने नुसत्या काठीने सामोरे जावे." हे गृहस्थ न्हाणीघरात पाल दिसली की सूनबाईंना हाक मारतात.

पुरुषाने अंगावर संरक्षण घालायचे नाही, हा कायदा केला कुणी? १६५९ साली प्रतापगडाखाली अफझलखानाला भेटायला शिवाजीमहाराज गेले, ते अंगरख्याच्या आत चिलखत घालून. त्यांचे नाव घेऊन छाती फुगवणारे आम्ही हेल्मेट म्हटले की चवताळतो. जानेवारी २०१९ मध्ये पुण्यात हेल्मेटसक्ती आली, तेव्हा पगड्या घालून मोर्चा निघाला होता. पगडीने डोके शोभते खरे. पण ते डांबरावर आपटले तर काय, हे कुणी विचारले नाही.

इनामगावात तर पुरुषाला जपण्याची रीत फार जुनी. डेक्कन कॉलेजच्या मंडळींनी १९६८ ते १९८३ या काळात इथे घोड नदीकाठी उत्खनन केले. ताम्रपाषाणयुगातले गाव निघाले, तट आणि खंदकासकट. आणि निघाला चार पायांचा मातीचा रांजण, त्यात मांडी घालून बसवलेला एक पुरुष. मेलेल्या माणसालासुद्धा त्यांनी असे सांभाळून ठेवले होते!

म्हणून मेहुण्याच्या पट्ट्याला मी हसणार नाही. पण पट्टा मिळाला म्हणजे काम झाले, असे म्हणणाऱ्यांवर मात्र माझा राग आहे. मेहुणा रात्री दोनला उसात जातो तो हौसेने नव्हे, मोटारीला वीज तेव्हा येते म्हणून. यवतमाळात २०१७ साली फवारणीच्या विषाने २० हून अधिक शेतकरी-मजूर दगावले, तेव्हाही त्यांनीच तोंडाला काही बांधले नव्हते, असे ऐकवणारे निघाले होते. विष विकणाऱ्याची मान सुरक्षित, वीज सोडणाऱ्याचीही; खिळे फक्त याच्या गळ्यात. आधी दिवसा वीज द्या, मग पट्ट्याचे कौतुक करा.

हे सगळे मी मेहुण्याला तावातावाने सांगितले. तो ऐकत होता, अन् माझ्या स्कूटरकडे पाहत होता.

"दाजी, तुमचं हेल्मेट कुठाय?"

"घरी," मी म्हणालो. "त्यात हल्ली कांदे असतात."