पाडण्यापूर्वी विचारा

(जुना बाजार पाडून नवा बांधताना कोणाचे मत घ्यावे, याविषयी लेखकाने या पाठात आपले विचार मांडले आहेत.)

चऱ्होली हे आमचे गाव. ते इंद्रायणीच्या काठी वसले आहे. एका बाजूला आळंदी, दुसऱ्या बाजूला दिघी आणि भोसरी. १९९७ साली आमचे गाव पिंपरी-चिंचवड महानगरपालिकेत आले. तेव्हा येथे चहूकडे शेते होती. आता त्यांतील कितीतरी शेतांत उंच इमारती उभ्या आहेत. तरीही लग्नाची किंवा सणाची मोठी खरेदी करायची असली, की आम्ही अजून भोसरीचीच वाट धरतो.

त्या बाजूला एक जुने व्यापारी संकुल आहे. लोक त्याला मॉल म्हणतात. वीसेक वर्षांपूर्वी ते सुरू झाले, तेव्हा आम्ही मुलाबाळांना घेऊन केवळ सरकता जिना पाहण्यासाठी तेथे जात होतो. आज तो जिना सरकत नाही. लोक साध्या जिन्यासारखे त्याच्यावरून चढतात व उतरतात. छत गळते. लिफ्टच्या दारावर ‘बंद आहे’ अशी पाटी आहे. वरच्या मजल्यावरचे निम्मे गाळे कुलूपबंद आहेत. हे संकुल पाडून तेथे नवी, उंच इमारत बांधावी, अशी चर्चा गेल्या वर्षापासून चालू आहे.

खरे सांगायचे, तर पहिल्यांदा ऐकले तेव्हा माझेही मत ‘पाडा एकदाचे’ असेच होते. मग एका रविवारी मी तेथे सहज गेलो आणि चार लोकांशी बोललो. परत आलो, तेव्हा माझे मत पहिल्याइतके सोपे राहिले नव्हते.

पहिल्यांदा एक गाळामालक भेटले. ते म्हणाले, “अहो, इमारत गळते. दुरुस्तीसाठी वर्गणी मागितली, तर निम्मे लोक देत नाहीत. बिल्डर फुकटात नवी इमारत देतो आहे, वर जास्त जागाही देतो आहे. मग नको कशाला म्हणायचे?”

त्यांचे म्हणणे चुकीचे नव्हते. त्यांनी कर्ज काढून गाळा घेतला होता आणि आता त्याला पुरेसे भाडे मिळत नव्हते. पण ‘फुकट’ हा शब्द मात्र तपासून पाहायला हवा. एखाद्या जमिनीवर किती बांधकाम करता येईल, याचे एक सरकारी माप असते. त्याला चटईक्षेत्र निर्देशांक म्हणतात. पुष्कळदा जुन्या इमारतीने ते माप पूर्ण वापरलेले नसते किंवा नव्या नियमांनी ते वाढलेले असते. वाढीव बांधकाम विकून बिल्डर आपला खर्च आणि नफा काढतो. म्हणजे नव्या इमारतीची किंमत त्याच जमिनीतून वसूल होते. कोणीतरी ती देतच असते.

पुढे तळमजल्यावर कपडे शिवणारे एक चाचा भेटले. मशीन थांबवून त्यांनी मला बसायला स्टूल दिले. ते म्हणाले, “माझे दुकान येथे चौदा वर्षांपासून आहे. पण कागदावर मी दर अकरा महिन्यांनी नवा असतो. इमारत पाडायची की नाही, हे मालक लोक सभेत ठरवतील. त्या सभेचे बोलावणे मला येणार नाही. दोन-तीन वर्षे दुकान बंद राहिले, तर माझे गिऱ्हाईक दुसरीकडे जाईल. मुलांच्या गणवेशाची मापे माझ्या वहीत आहेत. पण मुले वहीसाठी थोडीच थांबतात? ती वाढतात.”

बाहेर भिंतीला लागून भाजी विकणाऱ्या मावशी म्हणाल्या, “मला त्या मॉलचे काय? आतमध्ये मी कधी गेलेसुद्धा नाही. पण त्याची भिंत आहे, म्हणून दुपारी मला सावली आहे. नव्या इमारतीला फाटक येईल, पहारेकरी येईल. मग आम्ही बसायचे कुठे?”

महाविद्यालयात शिकणाऱ्या एका मुलीला मात्र नवीच इमारत हवी होती. “येथे मुलींसाठी स्वच्छ स्वच्छतागृह नाही. संध्याकाळी वरच्या मजल्यावर दिवे नसतात. जुने आहे म्हणून किती दिवस सांभाळायचे?” असे तिने मलाच विचारले. कारखान्यातून निवृत्त झालेले एक आजोबा तेथे उभे होते. ते हसून म्हणाले, “डॉक्टरांचा दवाखाना दुसऱ्या मजल्यावर आहे. गुडघे दुखतात म्हणून डॉक्टरांकडे जायचे आणि त्यांच्याकडे जायला दोन जिने चढायचे!”

पाच माणसे आणि पाच मते. यांतले खोटे कोणतेच नाही. मग निर्णय कसा करावा?

पुण्याच्या महात्मा फुले मंडईची गोष्ट येथे आठवते. महात्मा जोतीराव फुले १८७६ ते १८८२ या काळात पुणे नगरपालिकेचे सदस्य होते. शहरासाठी मंडईची भव्य इमारत बांधावी, असा विचार पुढे आला, तेव्हा फुले यांनी त्या खर्चाला विरोध केला. तो पैसा गोरगरिबांच्या शिक्षणासाठी वापरावा, असे त्यांचे म्हणणे होते. इमारत बांधली गेलीच. १८८६ साली ती सुरू झाली आणि गव्हर्नर लॉर्ड रे यांचे नाव तिला मिळाले. पुढे आचार्य अत्रे यांच्या पुढाकाराने ते नाव बदलले आणि ज्यांनी खर्चाला विरोध केला, त्यांचेच नाव मंडईला दिले गेले. २०२४ साली तिच्याजवळ मेट्रोचे भुयारी स्थानकही सुरू झाले. सव्वाशेहून अधिक वर्षे झाली, तरी तेथे भाजीचा बाजार भरतो.

या गोष्टीतून मी दोन धडे घेतो. इमारत जुनी झाली, म्हणजे ती निकामी झालीच असे नाही. नीट सांभाळली, तर ती चार पिढ्यांना पुरते. दुसरा धडा फुले यांच्या प्रश्नाचा आहे. पैसा कोणाचा आणि लाभ कोणाचा, हे बांधकामाच्या आधी विचारले पाहिजे. विचारणाऱ्याला प्रगतीचा शत्रू समजू नये.

पण जुने ते सगळेच जपावे, असेही मी म्हणणार नाही. मार्च २०२१ हा महिना आठवा. त्या महिन्यात पुण्याच्या कॅम्प भागातील छत्रपती शिवाजी मार्केटला आग लागली. त्यानंतर दहाच दिवसांनी कॅम्पातील फॅशन स्ट्रीटवरची शेकडो छोटी दुकाने जळाली. त्याच सुमारास मुंबईत भांडुपच्या ड्रीम्स मॉलला आग लागली. त्या मॉलच्या वरच्या मजल्यावर कोविडचे रुग्णालय होते. काही रुग्णांना प्राण गमवावे लागले. त्याआधी ऑक्टोबर २०२० मध्ये मुंबईच्या नागपाड्यातील सिटी सेंटर मॉलची आग विझवायला दोन दिवसांहून अधिक काळ लागला होता.

ज्या मॉलचे गाळे एकेक करून विकले जातात, तेथे एक अडचण हमखास येते. आपापला गाळा सगळेच झाडतात, पण जिना, तळघर, विजेच्या तारा आणि आग विझवण्याची नळयंत्रणा यांची जबाबदारी कोणी घेत नाही. सर्वांचे काम ते कोणाचेच नाही, अशी गत होते. म्हणून पुनर्विकासाची चर्चा कितीही वर्षे चालो, तारा आणि आगीची साधने आजच दुरुस्त झाली पाहिजेत. ‘नाहीतरी पाडायचेच आहे’ असे म्हणून त्यांच्याकडे दुर्लक्ष करणे म्हणजे माणसांच्या जिवाशी खेळणे होय.

नव्या बांधणीला वेळ किती लागतो, हेही पाहावे. मुंबईच्या भेंडी बाजारात २००९ साली सैफी बुऱ्हाणी अपलिफ्टमेंट ट्रस्ट या संस्थेने पुनर्विकासाचे काम हाती घेतले. सुमारे साडेसोळा एकर जागा, अडीचशेच्या आसपास जुन्या इमारती, बत्तीसशे कुटुंबे आणि साडेबाराशे दुकाने, असा त्याचा विस्तार होता. रहिवाशांसाठी तात्पुरत्या घरांची सोय करून मग इमारती पाडण्यात आल्या. एवढी तयारी असूनही पहिले मनोरे पूर्ण व्हायला दहा वर्षांहून अधिक काळ लागला. मग जेथे तात्पुरत्या जागेची सोयच नाही, तेथे छोट्या दुकानदाराने इतकी वर्षे काय खावे?

दुकान म्हणजे चार भिंती आणि शटर एवढेच असते का? दुकान उभे राहते ते गिऱ्हाइकावर, ओळखीवर आणि उधारीच्या वहीवर. भिंती पुन्हा बांधता येतात. तुटलेले गिऱ्हाईक पुन्हा जोडायला फार वर्षे लागतात. शिवाय बाजारात आपण फक्त वस्तू घेत नाही. तुमच्यापैकी पुष्कळांच्या कानांवर मराठीचे पहिले शब्द बाजारातच पडले असतील. दुकान, बाजार, हिशेब, वजन, किंमत, मालक हे शब्द उर्दूतही आहेत आणि मराठीतही. दोन भाषांची माणसे शेकडो वर्षे एकाच बाजारात घासाघीस करीत आली, त्याची ही खूण आहे.

परदेशांतही हा प्रश्न आला आहे. अमेरिकेतील मिनेसोटा राज्यात १९५६ साली साउथडेल नावाचा मॉल सुरू झाला. चहूबाजूंनी बंद आणि आतून वातानुकूलित अशा आधुनिक मॉलचा तो पहिला नमुना मानला जातो. त्याचे वास्तुशिल्पकार व्हिक्टर ग्रुएन मूळचे व्हिएन्नाचे. मॉलच्या भोवती घरे, शाळा आणि दवाखाने असावेत, अशी त्यांची कल्पना होती. प्रत्यक्षात बहुतेक मॉलभोवती मोटारी उभ्या करण्याची मोठी मैदानेच झाली. पुढे असे पुष्कळ मॉल ओस पडले. टेक्सास राज्यातील ऑस्टिन शहरात १९७१ साली सुरू झालेला हायलँड मॉल २०१५ साली बंद झाला. पण तेथील महाविद्यालयाने ती जागा घेतली. जेथे मोठे कापडचोपडाचे दुकान होते, तेथे आज विद्यार्थी संगणकांवर अभ्यास करतात. आमच्या संकुलाचा वरचा रिकामा मजला पाहिला, की मला त्या मुलीची आठवण येते. तेथे अभ्यासिका का होऊ नये?

माझे मत असे आहे. संकुल पाडावे की दुरुस्त करावे, हे आधी अभियंत्यांच्या तपासणीवरून ठरवावे. आतबट्ट्याचा व्यवहार नको, तसा घाईचाही नको. पाडायचे ठरले, तर तीन गोष्टी आधी कागदावर याव्यात. एक, आज जे दुकान चालवतात, त्यांना तात्पुरती जागा आणि परत येण्याचा हक्क मिळावा, मग ते मालक असोत की भाडेकरू. परत आल्यावर पहिली काही वर्षे भाडेही परवडेल असे असावे. दोन, बाहेर बसणाऱ्या विक्रेत्यांसाठी नकाशातच जागा राखावी. २०१४ च्या पथविक्रेता कायद्याने त्यांच्या उपजीविकेला संरक्षण दिले आहे आणि नगर पथविक्रेता समितीत किमान ४० टक्के प्रतिनिधी विक्रेत्यांचेच असावेत, असे सांगितले आहे. तीन, चालू लिफ्ट, स्वच्छ स्वच्छतागृहे आणि एक अभ्यासिका यांना नकाशात पहिले स्थान द्यावे.

गाळामालक म्हणतील, इतक्या अटी घातल्या, तर बिल्डर येणार नाही. कदाचित एखादा येणार नाही. वाढीव जागा थोडी कमीही मिळेल. पण ज्यांच्या चौदा वर्षांच्या मेहनतीने त्या तळमजल्यावर गिऱ्हाईक टिकून राहिले, त्यांना रस्त्यावर आणून मिळणारी जागा मला महागच वाटते.

तुम्ही एखाद्या जुन्या बाजारात गेलात, तर दुकानदाराला एक प्रश्न विचारून पाहा. “दुकान स्वतःचे आहे की भाड्याचे?” तो जे सांगेल, ते शांतपणे ऐकून घ्या. त्या बाजाराचे पुढे काय करावे, याचे निम्मे उत्तर त्यातच मिळेल.

स्वाध्याय

प्र. १. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) चऱ्होली गाव महानगरपालिकेत कधी आले?
(आ) महात्मा फुले यांनी मंडईच्या खर्चाला विरोध का केला?

प्र. २. तीन-चार वाक्यांत उत्तरे लिहा.
(अ) ‘कागदावर मी दर अकरा महिन्यांनी नवा असतो’ असे चाचा का म्हणाले?
(आ) दुरुस्ती लांबणीवर टाकू नये, असे लेखकाला का वाटते?

प्र. ३. मराठी व उर्दू या दोन्ही भाषांत वापरले जाणारे आणखी दहा शब्द लिहा.

प्र. ४. तुमच्या भागातील एखाद्या जुन्या बाजाराला भेट द्या. तेथील तीन व्यक्तींची मते विचारा आणि स्वतःचे मत दहा ओळींत लिहा.