माळवदावरची माती

गंगाखेड तालुक्यातल्या राणीसावरगावसारख्या जुन्या गावांत वाडा पाडायचा की ठेवायचा, हा वाद मृगाच्या तोंडावर हमखास उकरला जातो. माळवद गळायला लागलं की घरात दोन तट पडतात. थोरले म्हणतात, तुळया अजून शाबूत आहेत, माती टाकून घेऊ. धाकटे म्हणतात, उतरवा एकदाचं आणि स्लॅब टाका.

थोरल्यांची बाजू लंगडी नाही. दोन-दोन हात रुंद भिंती आणि वर मातीचं छत. मे महिन्यातल्या दुपारचा तो गारवा स्लॅबखाली कूलर लावूनही येत नाही. भिंतीत धान्याचं बळद, छताला साणं. साण्यातून पडलेला उन्हाचा कवडसा कुठवर सरकला, हे पाहून बाया चुलीला लागायच्या. ढेलज, चौक, ओसरी ही रचनाही मोठी देखणी (कुणी कुठल्या पायरीपर्यंत यायचं, हे मात्र तीच ठरवायची, वाड्याचे गोडवे गाताना हे सोयीनं गाळलं जातं).

आता ज्याला आपण ‘मूळ वाडा’ म्हणतो, तो मूळचा असतो का? दरसाल माळवदावर पांढरी माती पडायची. जुनी खरवडून काढायचे कष्ट कोण घेणार? थरावर थर चढायचे. ती माती पुष्कळदा गावच्या पडक्या गढीतून खणून आणलेली. एक वास्तू पोखरून दुसरी राखायची, यात कुणाला काही वावगं वाटलं नाही. पुढे वाटण्या झाल्या, चौकातून भिंत गेली. एका भावानं स्लॅब टाकला, दुसऱ्याचं माळवदच राहिलं. दोन्ही जिथे भेटतात, नेमकं तिथेच गळतं.

धाकट्यांच्या बाजूला भीतीही आहे, आणि ती खरी आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपात सात हजारांहून जास्त माणसं गेली, ती बहुतांशी दगडमातीच्या भिंती आणि जड माळवदांखाली. तेव्हापासून मराठवाड्यात मातीच्या छताखाली निर्धास्त झोप लागेनाशी झाली. मात्र त्याच भूकंपात कित्येक घरांच्या भिंती ढासळल्या तरी लाकडी खांब उभे राहिले होते. पुढे जाणकारांनी सुचवलेले उपायही साधेच: छतावरची माती कमी करा, खांब-तुळईच्या सांध्याला तिरके टेकू द्या, भिंतीत आरपार दगड बसवा.

पुण्याचा विश्रामबाग वाडा दुसऱ्या बाजीरावानं राहण्यासाठी बांधला. १८२१ मध्ये तिथे संस्कृत पाठशाळा आली, १८७९ मध्ये आग लागली, नंतर नगरपालिकेचा कारभार चालला. दर पिढीला त्याचा काही उपयोग सापडला, म्हणून तो टिकला. इंग्लंडमधल्या जमीनदारांचे शेकडो महाल वारसाकरापायी आणि खर्चापायी गेल्या शतकात पाडले गेले. उरलेल्यांपैकी बरेच आज तिकिटावर तग धरून आहेत. राणीसावरगावात तिकीट काढून वाडा पाहायला कोण येणार? तिथे माणसं राहती राहिली, तरच घर राहील. त्यासाठी न्हाणीघर, संडास, विजेची तार, वर पत्रा, हे सगळं आत घ्यावं लागलं तर मला त्यात बाटल्यासारखं काही वाटत नाही. अख्खा सांगाडा मोडून सागवान विकायला मात्र माझा विरोध आहे.

तेव्हा तुळयांचा सौदा करण्याआधी एकदा वर चढून पहार खुपसून पाहावी. माती वीतभर निघाली, तर घाई कशाला? हातभर निघाली, तर आधी ती उतरवा आणि मग भावाभावांनी बोलायला बसा.