मालमोटारीतला भोवरा

मराठीच्या प्राध्यापकाने मालमोटारीच्या इंजिनावर लिहावे, हे आमच्या संपादकांना कितपत रुचेल, याची मला शंकाच होती. पण भिवंडीत राहून मालमोटारीविषयी अवाक्षर न काढणे म्हणजे पंढरपुरात राहून विठोबाविषयी मौन पाळण्यासारखे आहे. अंजूर फाट्याहून कल्याण नाक्याकडे जायचे, तर दोन मालमोटारींमधली फट हेरून तीत शिरणे, ही येथल्या नागरिकाची रोजचीच साधना. मागांची खडखड आणि मालमोटारींची घरघर यांच्या साथीवर आमच्या गावाची झोप होते. सुट्टीत आम्ही कोकणात गेलो, की पहिल्या रात्री सौ. तळमळत असते. शांततेने तिला झोप येत नाही!

हकीगत पंधरा-सोळा वर्षांपूर्वीची आहे. माझ्या वर्गात बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला एक मुलगा होता. मागच्या बाकावरचा, पण लबाड नव्हे. त्याच्या वडिलांची एक जुनी, तिसऱ्या हातची मालमोटार होती. भिवंडीहून सूत भरायचे, मालेगावला टाकायचे आणि तिकडून कोरे कापड घेऊन यायचे, हा त्यांचा धंदा. दोन्ही गावे यंत्रमागांची, त्यामुळे भाड्याला तोटा नव्हता. तोटा होता तो कसाऱ्याच्या घाटात. घाटाखाली गाडी आली, की तिचा ऊर भरून येई. पहिल्या गिअरमध्ये ती माणसाच्या चालीने चढे, आणि चाकामागे लावायचा लाकडी ठोकळा हातात घेऊन क्लीनर शेजारून पायी चाले. अर्थात त्यात लाजण्यासारखे काही नव्हते. त्याच घाटात रेल्वेसुद्धा कसाऱ्याला गाडीच्या मागून ढकलायला इंजिने जोडते.

एका रविवारी बापलेक दोघे माझ्या घरी आले. वडील खुर्चीच्या कडेवर बसले. चहा घेईनात.

"सर, तुम्हीच सांगा याला. माझं ऐकत नाही. म्हणतो, गाडीला टर्बो बसवायचा."

"अण्णा, जुन्या इंजिनाला बसतो. मिस्त्री देतोय बसवून," मुलगा म्हणाला. "दुसऱ्या गाडीचा काढलेला आहे. घाट निम्म्या वेळात चढेल, सर. महिन्याला दोन फेऱ्या जास्त."

"आणि पैसे?" मी विचारले.

दोघेही गप्प राहिले. मग वडील हळूच म्हणाले, "पोस्टात आहेत. हिच्या बहिणीच्या... म्हणजे याच्या बहिणीच्या लग्नाचे."

मला मालमोटारीतले ओ की ठो कळत नव्हते. पण शिकलेल्या माणसाला 'मला कळत नाही' हे वाक्य जड जाते. मी आठ दिवसांची मुदत मागून घेतली आणि ग्रंथालयात जाऊन बसलो.

वाचत गेलो आणि खरे सांगतो, हरखून गेलो. पहिली गोष्ट म्हणजे शब्दच किती गोड! लॅटिनमध्ये 'टर्बो' म्हणजे भोवरा, वावटळ. इंजिन बिचारे डिझेल पिते, असे आपण म्हणतो. प्रत्यक्षात ते हवाच पिते. एक लिटर डिझेल नीट जाळायला सुमारे दहा हजार लिटर हवा लागते. तेव्हा इंजिनाची ताकद वाढवायची, तर त्याच्या छातीत जास्त हवा कोंबली पाहिजे. ती कोंबायला जोर कोठून आणायचा? तर जो धूर आपण नळीवाटे बाहेर फेकून देतो, त्यातूनच! जळालेल्या डिझेलच्या उष्णतेचा जवळजवळ तिसरा हिस्सा त्या धुरातून वाया जातो. त्या धुराच्या वाटेत एक लहानसे पंख्याचे चाक ठेवायचे, त्याच दांड्याच्या दुसऱ्या टोकाला दुसरे चाक, आणि ते ताजी हवा दाबून आत ढकलते. आमच्या मागाचा धोटा मिनिटाला शे-दीडशे वेळा धावतो, तर आम्हाला केवढे कौतुक! हा भोवरा मिनिटाला लाखाच्या घरात फेरे घेतो.

आल्फ्रेड ब्यूखी या स्विस इंजिनिअराने या कल्पनेचे पेटंट १९०५ साली घेतले आणि ती नीट चालती व्हायला पुढे वीस वर्षे गेली. मग दोन जर्मन प्रवासी बोटींवर तिचा उपयोग झाला, आणि १,७५० अश्वशक्तीचे इंजिन २,५०० अश्वशक्ती देऊ लागले. टाकाऊतून टिकाऊ करणाऱ्या आमच्या आजीला हा ब्यूखी फार आवडला असता.

मुलाकडे तर एका अमेरिकन मालमोटारीचे चित्र होते. १९९१ सालची, 'जीएमसी सायक्लोन' नावाची, टर्बो लावलेली, २८० अश्वशक्तीची. सुसाट धावण्यात ती नामांकित शर्यतीच्या मोटारींना हार जाणारी नव्हती. मी वाचून दाखवले, की हिच्यात ५०० पौंडांहून जास्त माल भरू नये, असे कारखान्याने बजावले आहे. म्हणजे सव्वादोनशे किलो.

वडील त्या दिवसांत पहिल्यांदाच हसले. "तीन माणसांचं वजन झालं की हे! मग तिला मालमोटार कशाला म्हणायचं?"

तेथेच मी त्यांचे ऐकायला हवे होते. पण मी ब्यूखीच्या प्रेमात पडलो होतो. मी म्हणालो, "करून बघायला काय हरकत आहे?" मराठीत यासारखे दुसरे धोक्याचे वाक्य नाही. हरकत नेहमी दुसऱ्याच्या पदरी पडते.

टर्बो बसला. मालकाने गाडीत कारखान्याच्या मूळ तपशिलाशी न जुळणारा बदल करू नये, असे १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ सांगते, हे मला पुष्कळ उशिरा समजले. मिस्त्रीने हात फिरता फिरता डिझेलचा पंपही वाढवून दिला. आणि गाडी खरोखरच उडू लागली! घाटात दुसरा गिअर, क्वचित तिसरासुद्धा. क्लीनर आत बसू लागला. मुलगा वर्गात येऊन पहिल्या बाकावर बसू लागला, हे मला विशेष वाटले. धूर मात्र काळाकुट्ट येई. वडील एकदा म्हणाले, "सर, गाडी शिट्टी मारते. पण मला तिचा आवाज ओळखू येत नाही आता."

मे महिन्यातल्या एका दुपारी, सुताने गच्च भरलेली गाडी घाटाच्या मध्यावर थांबली. पिस्टन वितळला होता.

आता मला त्याचे कारण सांगता येते. टर्बोसाठी घडवलेल्या इंजिनाचा पिस्टन वेगळा असतो, त्याच्या बुडाशी थंड करायला तेलाची पिचकारी सोडलेली असते. हवा दाबली की तापते, म्हणून ती निववायला वाटेत आणखी एक रेडिएटर असतो. हवा दाबून मिळणार म्हणून इंजिनातला स्वतःचा दाबही थोडा कमी ठेवलेला असतो. आमच्या म्हाताऱ्या गाडीत यातले काहीच नव्हते. तिच्या छातीत हवा कोंबली, पोटात डिझेल ओतले, आणि त्या आगीला बाहेर पडायची वाट तेवढीच ठेवली. शिवाय क्लच जुना, ब्रेक जुने. टर्बो चढावर ढकलतो. उतारावर तो कोणाला धरून ठेवत नाही. गाडी चढावर बसली आणि उतारावर सुटली नाही, याबद्दल मी आजही देवाचे आभार मानतो.

वडील दोन रात्री घाटात गाडीखाली झोपले, मालाची राखण करीत. बहिणीचे लग्न वर्षभर पुढे गेले. मुलाने कॉलेज सोडले आणि दुसऱ्याच्या गाडीवर चालक म्हणून लागला. मला कोणी एका शब्दाने बोलले नाही. ते बोलले असते तर बरे झाले असते. कितीतरी महिने मी कल्याण नाक्याकडून जायचे टाळून लांबच्या गल्लीने घरी येत असे.

पुढे त्याने बँकेचे कर्ज काढून स्वतःची गाडी घेतली. प्रदूषणाचे नियम २००० सालापासून कडक होत गेले, तसा मोठ्या मालमोटारींना टर्बो कारखान्यातूनच बसून येऊ लागला. आता त्याचे कौतुकही कोणाला उरलेले नाही. घाटाचीही मिजास उतरली. समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा ५ जून २०२५ रोजी खुला झाला. आमणे आमच्याच भिवंडी तालुक्यातले. त्या रस्त्याने सुमारे आठ किलोमीटरच्या बोगद्यातून घाट चुकवून पार होता येते.

यंदा श्रावणात मला नाशिकला काम होते. "सर, माझ्याच गाडीतून चला," तो म्हणाला. वडीलही आले होते, बरेच थकलेले. दोघांच्या मध्ये त्यांना बसवले. बोगद्याच्या टोलचा हिशेब करून, की वडिलांसाठी, न कळे, त्याने गाडी जुन्या रस्त्यानेच काढली. घाटात पाऊस होता. इंजिनाच्या आवाजात बारीक शिट्टी ऐकू येत होती. एका वळणावर वडील नुसते म्हणाले, "हितंच." मुलाने मान हलवली. मी खिडकीबाहेर बघत राहिलो.

इगतपुरीला चहासाठी गाडी उभी राहिली. मुलाने इंजिन बंद केले नाही. तसेच सावकाश चालू ठेवले. मी दार उघडायला गेलो, तसा वडिलांनी माझा हात धरला.

"जरा थांबा, सर. चढ चढून आल्यावर लगेच बंद करत नाहीत. इंजिन बंद झालं, की त्याचं तेल तुटतं, आणि तो आत फिरतच असतो."

आम्ही तिघे तसेच बसून राहिलो. काचेवर पाऊस पडत होता.

मग मुलाने किल्ली फिरवली, आणि वडील म्हणाले, "आता चला."